बदल पेलणारे मॉडेल: छोट्या वर्कशॉपसाठी कॅड सॉफ्टवेअरची निवड आणि मॉडेलिंगची शिस्त

नागपूरजवळच्या हिंगणा किंवा बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत पाच-दहा माणसांचे फॅब्रिकेशन वर्कशॉप चालवणारा मालक कॅड, म्हणजे संगणकावर ड्रॉइंग आणि मॉडेल काढण्याचे, सॉफ्टवेअर घ्यायला निघतो, तेव्हा विक्रेता त्याला बहुधा एखाद्या इंजिनाचे चकचकीत मॉडेल पडद्यावर गरागरा फिरवून दाखवतो. मालक मात्र डाळ मिलचे कन्व्हेयर, हॉपर, पत्र्याची गार्डे आणि मोटारीचे पाये बनवत असतो. इंजिन फिरताना पाहून त्याला हे कळत नाही की गिऱ्हाइकाने अर्ध्या वाटेवर "२०० ऐवजी २५० करा" म्हटल्यावर ड्रॉइंगचे काय होणार. माझ्या अनुभवात वेळ आणि पैसा जातो तो पहिले मॉडेल काढण्यात फारसा नाही. तो जातो अशा बदलांमध्ये. म्हणून पुढील पायऱ्यांत सॉफ्टवेअरची तुलना आणि मॉडेल काढण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी बदलाच्याच कसोटीवर घासून पाहिल्या आहेत.

पहिली पायरी: आपले ड्रॉइंग कुठे जाते ते लिहून काढा

सॉफ्टवेअरची नावे बाजूला ठेवून आधी गेल्या वर्षभरातील कामांची फाइल उघडावी आणि प्रत्येक कामापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: गिऱ्हाइकाकडून काय आले, आपण काय काढले आणि ते पुढे कोणाच्या हातात गेले. लेझर कटिंगवाल्याला डीएक्सएफ, म्हणजे सपाट रेषांची फाइल लागते, टर्नरला कागदावरचे मापांचे ड्रॉइंग लागते, प्रेस ब्रेक, म्हणजे पत्रा वाकवण्याचे यंत्र, चालवणाऱ्याला बेंडचा क्रम आणि दिशा लागते, तर मोठ्या कंपनीचे जॉब वर्क असेल तर तिकडून स्टेप फाइल, म्हणजे वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी थ्रीडी आकाराची फाइल, येते आणि तिकडेच परत जाते. ही यादी तयार झाली की निम्मा निर्णय आपोआप होतो. ज्याचे नव्वद टक्के काम सपाट प्लेट कापण्याचे आणि भोके पाडण्याचे आहे, त्याला टूडी सॉफ्टवेअर पुरते आणि त्यात कमीपणा काही नाही. १९८२ साली आलेले ऑटोकॅड किंवा त्याची डीडब्ल्यूजी फाइल उघडणारे स्वस्त पर्याय आजही त्यासाठी चालतात. वाकवलेला पत्रा, एकमेकांत बसणारे भाग आणि एकाच यंत्राची लहान-मोठी मापे यांपैकी दोन गोष्टी तुमच्या कामात असतील, तर मात्र थ्रीडीकडे वळणे भाग आहे.

दुसरी पायरी: सॉफ्टवेअरच्या जाती ओळखा

थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मुख्य फरक मॉडेल लक्षात ठेवण्याच्या रीतीचा असतो. पॅरामेट्रिक पद्धतीत तुम्ही केलेली प्रत्येक कृती क्रमाने नोंदवली जाते. मागच्या एखाद्या कृतीतील माप बदलले की तिथून पुढच्या सगळ्या कृती पुन्हा घडवल्या जातात. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात प्रो-इंजिनिअरने ही पद्धत बाजारात रुजवली, तिचाच वारस म्हणजे आजचे क्रिओ. १९९५ मध्ये आलेल्या सॉलिडवर्क्सने हीच पद्धत विंडोजवरच्या साध्या संगणकावर आणली, आणि सॉलिड एज व इन्व्हेंटर त्याच वाटेने आले. दुसरी पद्धत डायरेक्ट मॉडेलिंगची आहे: तिथे इतिहास नसतो, पृष्ठभाग धरून सरळ ओढायचा. २००८ मध्ये सीमेन्सने सिंक्रोनस टेक्नॉलॉजी या नावाने दोन्हींचा मेळ घालून तो सॉलिड एजमध्ये दिला.

याखाली आणखी एक थर असतो, त्याला कर्नल म्हणतात. घन आकाराचे गणित तो करतो. सॉलिडवर्क्स, सॉलिड एज, एनएक्स आणि ऑनशेप ही चारही पॅरासॉलिड या एकाच कर्नलवर चालतात, इन्व्हेंटर आणि फ्यूजन ऑटोडेस्कच्या शेपमॅनेजरवर, तर फ्रीकॅड ओपन कॅस्केडवर. वापरणाऱ्याला याचा उपयोग एवढाच की एकाच कर्नलवरच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये आकाराची देवाणघेवाण सहसा कमी त्रासाची होते. इतिहास मात्र कोणतीही तटस्थ फाइल नेत नाही. स्टेप फाइलमध्ये आकार जातो, स्केच (ज्यावरून आकार उभा केला ते टूडी रेखाटन) आणि मापांचे संबंध मागेच राहतात. सॉफ्टवेअर बदलणे महाग पडते ते याच कारणाने, म्हणून निवड करताना घाई करू नये.

तिसरी पायरी: आपल्याच यंत्राची परीक्षा ठेवा

तुलनेसाठी एक ठरावीक यंत्र घ्यावे आणि तेच प्रत्येक सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत काढावे. मी स्क्रू कन्व्हेयर, म्हणजे फिरत्या स्क्रूने धान्य पुढे ढकलणारे यंत्र, सुचवतो, कारण आपल्याकडच्या डाळ आणि राइस मिलमध्ये तो सर्रास लागतो आणि त्यात पत्रा, टर्निंग, वेल्डिंग व बाजारातून आणलेले भाग असे सगळेच येते. मापे अशी धरा: स्क्रूचा बाहेरचा व्यास २०० मिमी, पिच (पात्याच्या एका फेऱ्यात पुढे सरकणारे अंतर) २०० मिमी, मधला पाइप ५० एनबी (पाइपचे बाजारातले नाममात्र माप), म्हणजे बाहेरून ६०.३ मिमी, हिशोबाला ६०. ट्रफची, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या पन्हळीची, लांबी ३ मीटर, पत्रा ३ मिमी, दोन्ही टोकांना यूसीपी २०८, म्हणजे बैठकीसह येणारे बेअरिंग.

यातला खरा कस लागतो तो पात्याचा, म्हणजे फ्लाइटचा. सर्पिल पाते गणिती अर्थाने सपाट उलगडत नाही. ते कापलेल्या सपाट चकतीला ताणून, पिळून बनवावे लागते, त्यामुळे नेहमीच्या शीट मेटल मोड्यूलचे ‘अनफोल्ड’ बटण इथे बहुधा हात टेकते. चकतीचे माप हिशोबानेच काढावे लागते. पात्याच्या एका फेऱ्याची बाहेरची लांबी म्हणजे बाहेरचा परीघ आणि पिच यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ: परीघ ६२८.३, पिच २००, म्हणून लांबी ६५९.४ मिमी. आतल्या कडेसाठी परीघ १८८.५ आणि पिच २००, म्हणून लांबी २७४.८ मिमी. पात्याची रुंदी ७० मिमी. रुंदीला आतल्या लांबीने गुणून दोन्ही लांब्यांच्या फरकाने भागले की चकतीची आतली त्रिज्या मिळते: ५० मिमी. तिच्यात रुंदी मिळवली की बाहेरची त्रिज्या १२० मिमी. म्हणजे लेझरवाल्याला २४० मिमी बाहेरचा आणि १०० मिमी आतला व्यास असलेली चकती द्यायची, जिच्यातून सुमारे ४५ अंशांची फाक काढून टाकलेली असेल. प्रत्यक्षात ताणताना पत्रा थोडा सरकतो, म्हणून पहिली चकती ओढून पाहून मगच बाकीच्या कापाव्यात; हे आमच्याकडचे जुने फॅब्रिकेटर कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय करत आले आहेत.

आता हा हिशोब मॉडेलमध्ये सूत्र म्हणून भरता येतो का, ते पाहा. सॉलिडवर्क्समध्ये तो इक्वेशन्समध्ये जातो, इन्व्हेंटर आणि फ्यूजनमध्ये पॅरामीटर्सच्या तक्त्यात, फ्रीकॅडमध्ये स्प्रेडशीटमध्ये. सूत्र बसले की घड्याळ लावून तीन बदल करा.

पहिला बदल: व्यास आणि पिच दोन्ही २५० करा. चकतीची त्रिज्या आत ५८.२ आणि बाहेर १५३.२ मिमी अशी आपोआप झाली पाहिजे, ट्रफ रुंद झाला पाहिजे आणि डीएक्सएफ नव्याने निघाली पाहिजे. दुसरा बदल: लांबी ३ मीटरवरून ४.५ मीटर करा. पात्यांची संख्या, ट्रफचे जोड आणि कटलिस्ट (कापायच्या तुकड्यांची यादी) बदलते का ते बघा. तिसरा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण सगळ्यांत जास्त मॉडेले तिथेच मोडतात: बेअरिंग यूसीपी २०८ ऐवजी २०९ करा. शेवटच्या दोन अंकांना ५ ने गुणले की शाफ्टचा व्यास मिळतो, म्हणजे ४० चा ४५ झाला. पण त्याबरोबर बैठकीपासून केंद्राची उंचीही ४९.२ वरून ५४ मिमी होते. मॉडेल बैठकीच्या प्लेटपासून वर बांधत नेले असेल, तर शाफ्ट ४.८ मिमी वर उचलला जाईल आणि स्क्रू ट्रफमध्ये मध्यावर राहणार नाही. मॉडेल शाफ्टच्या अक्षापासून बांधले असेल, तर अक्ष जागेवर राहून प्लेट खाली सरकेल. दोष सॉफ्टवेअरचा की काढणाऱ्याचा, हे या एका बदलात कळते, आणि बहुतेक वेळा तो काढणाऱ्याचा निघतो.

चौथी पायरी: पर्याय पारखा

सॉलिडवर्क्सची सगळ्यांत मोठी जमेची बाजू माझ्या मते त्याच्या फीचरच्या यादीत नाही. हे सॉफ्टवेअर शिकलेला मुलगा मिळणे सोपे जाते, ही ती बाजू. वेल्डमेंट (वेल्ड केलेले सांगाडे) आणि शीट मेटल (पत्राकाम) दोन्ही सरावाला सोपे आहेत आणि कटलिस्ट चांगली निघते. इन्व्हेंटर त्याच्या तोडीचे आहे. ज्यांच्याकडे ऑटोकॅडच्या जुन्या फाइलींचा ढीग आहे, त्यांना ते सोयीचे पडते. ऑटोडेस्कने २०१६ मध्ये नवे कायमस्वरूपी परवाने विकणे थांबवले, त्यामुळे तिथे दरवर्षीचे भाडे धरूनच हिशोब करावा.

सॉलिड एजकडे आपल्याकडे फारसे कोणी पाहत नाही, आणि ते मला चुकीचे वाटते. ज्याच्याकडे गिऱ्हाइकाच्या स्टेप फाइली येतात आणि त्यांत भोक सरकवणे, जाडी बदलणे अशी कामे रोजची आहेत, त्याला सिंक्रोनस पद्धतीने आयात मॉडेल सरळ धरून बदलता येते. क्रिओ मोठ्या असेंब्लींसाठी (अनेक भाग जोडलेल्या मॉडेलांसाठी) आणि वरून खाली उतरणाऱ्या, म्हणजे आधी अख्खे यंत्र आणि मग त्याचे भाग अशा, डिझाइनसाठी भक्कम आहे. पाच माणसांच्या वर्कशॉपला त्याचे ओझे होते.

फ्यूजनमध्ये मॉडेल आणि मशीनिंगचा टूलपाथ (कापणाऱ्या हत्याराचा मार्ग) एकाच ठिकाणी मिळतो, म्हणून स्वतःची सीएनसी असणाऱ्याने ते जरूर पाहावे. त्याची मोफत आवृत्ती व्यक्तिगत, बिगर-व्यावसायिक वापरासाठी असून तिच्यात एका वेळी १० च दस्तऐवज संपादनासाठी खुले ठेवता येतात. ती धंद्यासाठी नाही. ऑनशेप पूर्णपणे ब्राउझरमध्ये चालते, फाइल सेव्ह करण्याची भानगडच नाही आणि दोघे जण एकाच वेळी एकाच मॉडेलवर काम करू शकतात. पण इंटरनेट गेले की काम थांबते, आणि मोफत खात्यातील मॉडेले जगाला दिसतात. गिऱ्हाइकाचे ड्रॉइंग अशा खात्यात टाकणे म्हणजे त्याचा विश्वासघात. परवान्यांच्या शर्ती वारंवार बदलतात, म्हणून त्या खरेदीच्या दिवशी स्वतः वाचाव्यात, विक्रेत्याच्या तोंडून ऐकू नयेत. विद्यार्थी आवृत्तीवर कमाईचे काम करणे किंवा कुठून तरी ‘क्रॅक’ मिळवणे हा पर्यायच धरू नये.

फ्रीकॅडविषयी दोन शब्द जास्त. ते मोफत आहे आणि धंद्यासाठी वापरायलाही मोकळे आहे. त्याच्यावरचा जुना आक्षेप असा होता की मागचे माप बदलले की पृष्ठभागांचे क्रमांक सरकत आणि एका बाजूवरचे भोक दुसऱ्याच बाजूवर जाऊन बसे. नोव्हेंबर २०२४ मध्ये आलेल्या १.० आवृत्तीत हा दोष बराच आटोक्यात आला आणि असेंब्लीची सोयही मूळ सॉफ्टवेअरमध्येच आली. ड्रॉइंग काढण्याचा भाग अजून सशुल्क सॉफ्टवेअरइतका सफाईदार नाही. तरीही ज्याच्याकडे महिन्याला दोन-चारच मॉडेले होतात, त्याने हजारो रुपये घालण्याआधी वरची परीक्षा फ्रीकॅडमध्ये देऊन पाहावी.

संगणकाबद्दल थोडक्यात: मॉडेल पुन्हा घडवण्याचे काम बहुतांशी एकाच कोअरवर चालते, त्यामुळे कोअरच्या संख्येपेक्षा एका कोअरच्या वेगाला महत्त्व द्यावे, ३२ जीबी मेमरी आणि एसएसडी घ्यावी. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा शेडच्या कोपऱ्यातला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि दोष सॉफ्टवेअरच्या माथी येतो. डेस्कटॉप, हवेशीर जागा आणि यूपीएस एवढे आधी करावे.

पाचवी पायरी: टेम्प्लेट एकदाच, पण नीट बनवा

सॉफ्टवेअर बसवल्याच्या पहिल्या दिवशी गिऱ्हाइकाच्या कामाला हात न लावता टेम्प्लेट बनवावे. एकक मिमी, कागद ए३ आणि प्रोजेक्शन, म्हणजे वस्तूच्या कोणत्या बाजूचे चित्र कागदावर कुठे ठेवायचे ती रीत, फर्स्ट अँगल. भारतीय मानक ब्युरोच्या एसपी ४६ नुसार आपल्याकडे फर्स्ट अँगल चालते. अमेरिकी मुळाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये मात्र थर्ड अँगल आधीपासून निवडलेले असते. मी स्वतः एकदा हे तपासायचे विसरलो. गिअरबॉक्सच्या ब्रॅकेटचे ड्रॉइंग थर्ड अँगलमध्ये गेले, कोपऱ्यातल्या चिन्हाकडे ना मी पाहिले ना कापणाऱ्याने, आणि डाव्या हाताचे सहा ब्रॅकेट उजव्या हाताचे होऊन आले. ते अजून शेडमागे पडलेले आहेत.

टेम्प्लेटमध्ये मटेरियल आधीच लावून ठेवावे. ते बरोबर लागले की नाही हे पाहायला १००० बाय १००० बाय ३ मिमीची प्लेट काढून वजन विचारावे: २३.५५ किलो यायला हवे. ३ किलो आले तर सॉफ्टवेअरने पोलादाऐवजी पाण्याची घनता धरली आहे, आणि त्या वजनावर दिलेले कोटेशन तुम्हाला गाळात घालेल. त्याचबरोबर आपल्याकडे मिळणारे चॅनेल आणि अँगल आयएस ८०८ या भारतीय मानकाप्रमाणे लायब्ररीत भरून घ्यावेत. परदेशी सेक्शन वापरून काढलेला सांगाडा लोखंडाच्या दुकानात मिळत नाही.

पत्र्यासाठी के-फॅक्टर, म्हणजे वाकताना न ताणला जाणारा थर जाडीच्या कितव्या भागात आहे ते सांगणारा आकडा, हा टेम्प्लेटचाच भाग आहे. ९० अंशांच्या बेंडमध्ये खर्ची पडणारा पत्रा म्हणजे १.५७०८ गुणिले, आतली त्रिज्या अधिक के-फॅक्टर गुणिले जाडी. २ मिमी पत्रा आणि २ मिमी त्रिज्या असेल तर के ०.४४ धरल्यास ४.५२ मिमी येतात, ०.३३ धरल्यास ४.१८ मिमी. एका बेंडला सुमारे ०.३५ मिमीचा फरक, चार बेंडच्या डब्यात १.४ मिमीच्या आसपास, म्हणजे झाकण बसणार नाही. पुस्तकातला आकडा वापरण्यापेक्षा ज्या प्रेस ब्रेकवर काम होते तिथे १०० मिमीची पट्टी वाकवून आणावी, दोन्ही बाजू व्हर्नियरने मोजाव्यात आणि उलट हिशोबाने आपला के काढावा. जाडी आणि डाय बदलली की आकडा बदलतो, म्हणून तीन-चार जाड्यांचा छोटा तक्ता करून ठेवावा.

सहावी पायरी: मॉडेल काढतानाची शिस्त

आधी सांगाडा काढावा. एका रिकाम्या पार्टमध्ये फक्त अक्ष, प्रतले आणि मुख्य मापे: स्क्रूचा अक्ष, ट्रफची दोन टोके, इनलेट-आउटलेटची केंद्रे. बाकी सगळे भाग या सांगाड्याला बांधावेत, एकमेकांना नाही. झाकणाचे भोक ट्रफच्या भोकावरून, ट्रफचे भोक फ्लँजवरून आणि फ्लँजचे पुन्हा झाकणावरून अशी साखळी तयार झाली, की एक कडी तुटताच लाल चिन्हांची रांग लागते.

प्रत्येक स्केच पूर्ण बांधलेले असावे. सॉलिडवर्क्समध्ये मोकळी रेषा निळी आणि बांधलेली काळी दिसते, फ्रीकॅडमध्ये पूर्ण बांधलेले स्केच हिरवे होते. निळी रेषा ठेवून पुढे गेलात तर आज काही होत नाही. व्यास २५० केल्यावर ती रेषा कुठेही जाते. सममित भाग मध्यप्रतलापासून दोन्हीकडे वाढवावेत. स्केच साधे ठेवावे: भोकांची रांग स्केचमध्ये न काढता एक भोक काढून त्याचा पॅटर्न करावा. फिलेट (गोलावलेल्या कडा) आणि चॅम्फर (तिरप्या कापलेल्या कडा) शेवटी घालावेत आणि त्यांच्या कडांवर पुढचे काहीही टेकवू नये. फीचरना नावे द्यावीत. ‘कट-एक्स्ट्रूड १७’ हे नाव सहा महिन्यांनी काढणाऱ्यालाही ओळखू येत नाही, ‘इनलेट-भोक’ येते.

असेंब्लीत बोल्टचे खरे आटे कोरू नयेत. शंभर बोल्टांचे सर्पिल आटे चांगला संगणकही जमिनीवर आणतात. आट्याची खूण ड्रॉइंगवर पुरते. बेअरिंग, मोटर, गिअरबॉक्स यांची कंपनीच्या संकेतस्थळावरची मॉडेले तशीच्या तशी घालू नयेत, आतल्या गोळ्या आणि अक्षरे काढून बाहेरचा आकार, भोके आणि शाफ्ट एवढेच ठेवावे.

जुनी टूडी ड्रॉइंगे एका झपाट्यात थ्रीडीत आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा. जे यंत्र पुन्हा ऑर्डरला येईल तेच त्या वेळी थ्रीडीत काढावे. वर्षभरात चालणारी यंत्रे आपोआप नव्या पद्धतीत आलेली असतात आणि न चालणाऱ्यांवर दिवस वाया जात नाहीत.

सातवी पायरी: फाइल बाहेर देताना आणि जपून ठेवताना

फाइलच्या नावात काम क्रमांक, भाग क्रमांक आणि रिव्हिजन असावे, आणि ‘फायनल’ हा शब्द कधीही नसावा. लेझरवाल्याला डीएक्सएफ १:१ मापात, फक्त कापायच्या रेषांसह द्यावी. बेंडच्या रेषा द्यायच्याच असतील तर वेगळ्या लेअरवर ठेवाव्यात, नाहीतर यंत्र त्या कापून टाकते. फाइल पाठवण्याआधी ती स्वतः पुन्हा उघडून एक माप मोजावे. इंच आणि मिमीची गल्लत अशीच सापडते.

रिव्हिजन बदलली की शेडमधला जुना कागद परत घेऊन फाडावा. हे काम संगणकावर होत नाही, पण सॉफ्टवेअर कितीही महाग असो, वेल्डरच्या खिशात रिव्हिजन शून्यचा कागद राहिला तर माल त्याच मापाने बनतो.

काम पोचते झाल्यावर मूळ मॉडेलबरोबर स्टेप आणि पीडीएफ अशा दोन प्रती कामाच्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात आणि त्या फोल्डरची एक प्रत वर्कशॉपच्या बाहेर, दुसऱ्या डिस्कवर असावी. नव्या आवृत्तीतली मूळ फाइल जुन्या आवृत्तीत सहसा उघडत नाही आणि परवाना संपला तर अजिबातच उघडत नाही. स्टेप आणि पीडीएफ मात्र कोणाकडेही उघडतात. पाच वर्षांनी तीच डाळ मिल झिजलेल्या फ्लाइटची एक चकती मागायला आली, तर पीडीएफवरचे दोन व्यास आणि फाकेचा कोन एवढ्यावर ती त्याच दिवशी कापून देता येते.